शून्य कॉलचा फोन

माणिकराव लाइनमनने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि बोरखडीच्या सरकारी फोनची सहा महिन्यांची कर्तबगारी भर ओसरीवर वाचून दाखवली.

"ऑक्टोबर ते डिसेंबर, लावलेले फोन शून्य. जानेवारी ते आजपर्यंत, लावलेले फोन शून्य."

नामाजी बाजेवर मांडी घालून बसले होते. त्यांनी डोईचा पटका सारखा केला आणि मिशीवरून हात फिरवला. सत्तर वर्षांच्या आयुष्यात कुण्या सरकारी माणसाने घरी येऊन त्यांच्याबद्दल इतकं चांगलं काही वाचलं नव्हतं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "सरकारी वस्तू हाय, जपून वापरली. सरकारचा एक पैसा खर्चू दिला न्हाई. जाऊन सांगा तुमच्या साहेबाला, नामाजीच्या घरी नुकसान शून्य."

"अवो बाबा, नुकसान न्हाई, फोन शून्य!" माणिकरावाने कपाळावर हात मारला. "इथला फोन मेला म्हणून वर लिहून जाईल."

"मेला? वाजून वाजून कान किटले आमचे!"

हे खरं होतं आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या असलेल्या अंजलीइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नामाजींची ही धाकटी सून. फोनची रिंग मोजणं हे तिचं काम होतं.

बोरखडीतल्या दहा-बारा घरांची मेंढरं दिवाळी झाली की पैनगंगा ओलांडून जात, ती थेट मिरगाच्या तोंडावर परतत. मागे माणसं. आज या वावरात मेंढरं बसव, उद्या त्या वावरात. त्यांचा पत्ता असा नसायचाच. बाजारच्या गावी पीठ-मीठ घ्यायला गेली की तिथल्या बूथवरून ती घरचा नंबर फिरवत. पण बोलत नसत. बोललं की बूथवाला पैसे मागतो. नुसतं वाजवून ठेवलं तर त्याचं एका बिडीत भागतं. म्हणून नामाजींनी कायदाच घालून दिला होता. फोन एकदा वाजून थांबला म्हणजे सगळं खुशाल. पाठोपाठ दुसऱ्यांदा वाजला तर मुक्काम हलला. तिसऱ्यांदा वाजला तर घराकडे निघालो. कुणाचा फोन ते वेळेवरून कळायचं. सोमवारी दुपारी बाराचा शिवहारचा, म्हणजे अंजलीच्या नवऱ्याचा. दोनचा मुंजाजीचा. गुरुवारी दिवस उगवताना वाजला तर तो वरच्या आळीचा. अंजली ऐकायची आणि त्या त्या घरी जाऊन सांगून यायची. बाया तिला फोनवाली म्हणत, चहा पाजल्याशिवाय सोडत नसत, आणि तिलाही ते आवडायचं. का नाही आवडणार?

कायद्याचं शेवटचं कलम असं होतं की फोन उचलायचा नाही. उचलला म्हणजे घरात कुणीतरी मेलं.

मागच्या साली रूपाबाईने चुकून उचलला होता. ओसरीवर सुपारी मागायला आली होती, दोनची रिंग वाजली, आणि हिच्या तोंडून निघून गेलं, "कोण हाय?" पलीकडे तिचा नवरा मुंजाजी. त्याने बायकोचा आवाज ऐकला, फोन टाकला, दोनशे मेंढरं चुलतभावाच्या गळ्यात घातली आणि दोन दिवस दोन रात्री चालत आला. येता येता नदीवर डोकं भादरून घेतलं. आई गेली असंच त्याने धरलं होतं. दार उघडलं ते आईनेच. ती आपल्या पोराचं ते तुळतुळीत डोकं बघून जी पेटली, ती वर्ष झालं तरी विझली नव्हती.

तेव्हापासून फोनला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

पण या कायद्याला एक मोठं भोक होतं. तिकडची बातमी इकडे यायची, इकडची तिकडे जायची सोयच नव्हती. अंजलीला लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते. पाचवा महिना सरत आला होता. सासूला ठाऊक, सासऱ्याला ठाऊक, बोरखडीला ठाऊक, पुसेगावच्या बाजारातल्या बांगडीवालीलासुद्धा ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या शिवहारला. त्या बाजूला ऊस तोडायला चाललेल्या तांड्यावरच्या भावसिंगच्या हाती निरोप दिला होता, तर त्याची आणि मेंढरांची गाठच पडली नाही. निरोप जसाच्या तसा परत आला. दर सोमवारी बाराला फोन वाजायचा, अंजली त्याच्यासमोर पदर आवळून बसायची. रिंग थांबली की उठून म्हणायची, खुशाल हाय. दुसरं काय करणार?

आणि आता तो फोनही जायला निघाला होता.

"आबा, तुमी सबसिडी समजून घ्या," प्रभू म्हणाला. नामाजींचा हा थोरला. त्याने मेंढरं कधीच सोडली होती. फाट्यावर किराणा दुकान घातलं होतं, सफारी शिवली होती, आणि सबसिडी हा शब्द तो पेढ्यासारखा चघळून बोलायचा. "शहरातले लोक फोनचं बिल भरतात. त्यातलं थोडं दिल्लीवाले बाजूला काढतात अन् खेड्यातल्या फोनवर लावतात. पर फोन जित्ता असंल तर. जित्ता हाय का न्हाई, हे बघायचं कशावरून? इथून भाईर किती फोन लावले, त्याच्यावरून. आलेले मोजत न्हाईत. अन् तुमी तर आलेला बी उचलत न्हाई."

नामाजी विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे त्या मेंढ्यासारखं."

"कोणत्या मेंढ्यासारखं?" माणिकराव गोंधळला.

"चार सालामागं सबसिडीवर मेंढा दिला होता सरकारनं. दख्खनी. मी त्याला पेंड चारली, अंग धुतलं, सावलीला बांधला. वरसानं साहेब आला. मेंढा कसा हाय ते न्हाई इचारलं बेट्यानं. कोकरं किती झाली, ते इचारलं."

"बराबर! आता समजलं तुमाला!" माणिकराव खूश झाला. "अन् कोकरं न्हाई निघाली तर?"

"तर मेंढा दुसऱ्याच्या वाड्यावर."

"तेच म्हणून राहिलो मी," प्रभू म्हणाला आणि त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. "फोन माझ्या दुकानात. फाट्यावर. येणारा-जाणारा लावंल, सबसिडी चालू राहील. तुमी फक्त हरकत न्हाई म्हणून अंगठा द्या. शाई मी आणली हाय."

शाईची डबी त्याने खरंच आणली होती.

अंजलीने सासूकडे पाहिलं. अनुसयाबाई खांबाला टेकून वाती वळत होत्या. सुनेची नजर त्यांनी टाळली.

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "ऐन दुपारी डोळा लागला का वाजतंच ते. मला तर बाई तकलीफच हाय."

नणंद सत्यशीला वसमतहून चार दिवस माहेरपणाला आली होती. तिने कालच थोरल्या भावाची बाजू धरली होती. फाट्यावरच्या फोनवर बसायला तिच्या नवऱ्याला घेईन, असा शब्द प्रभूने दिला होता. ती म्हणाली, "आबा, सरकारच्या आडवं जाऊ नका."

म्हणजे सासू गेली, नणंद गेली, आणि मेंढ्याच्या हिशेबाने सासराही गेला. उरली ती अंजली एकटी. फाट्यावरचं दुकान दोन मैल लांब. तिथे दिवसभर बिड्या ओढत बसलेले बाप्ये. पाचव्या महिन्यातली बाई तिथे जाऊन सोमवारची रिंग मोजणार होती होय? आणि प्रभूभावजी गिऱ्हाइकाच्या आशेने प्रत्येक फोन उचलणार. पहिल्याच आठवड्यात दहा-बारा बाप्ये डोकं भादरून वाडीत हजर झाले असते. हे सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सासऱ्यासमोर आणि थोरल्या दिरासमोर ती आजवर मान वर करून बोलली नव्हती. ती दाराची चौकट धरून उभी राहिली आणि तिला स्वतःचाच राग आला.

नामाजींनी अंगठा शाईत बुडवला.

"दुकानात बसायला कोण हाय?" माणिकरावाने आपला फॉर्म भरता भरता विचारलं. "माणसाचं नाव लागंल."

"आमच्या हिचा धाकटा भाऊ," प्रभू म्हणाला.

सत्यशीलाच्या हातातली बशी खाली आली. "काय म्हणला, दादा?"

"आगं, म्हंजे..."

"आमच्या यांना शब्द दिला होता तू! काल, याच ओसरीवर!"

"त्यांना हिंदी येत न्हाई, सत्यशीला. फाट्यावर टरकवाले येतात."

"हिंदी न्हाई येत? वसमतच्या मोंढ्यात हळदीचे निम्मे व्यापारी त्यांच्यासंगं हिंदीत भांडतात!" सत्यशीला उभी राहिली आणि एका दमात भावाच्या पक्षातून बाहेर पडली. "लाइनमनभाऊ, किती फोन लावले म्हंजे ते शून्य जातं?"

माणिकरावाने पेन्सिल कानामागे खोचली. तो तसा भला माणूस होता. फोन हलवायचा म्हणजे दोन मैल तार त्यालाच ओढावी लागणार होती. "एक लावा," तो म्हणाला. "मार्च संपायला दोन दिवस हायत. एक जरी लागला तरी मला शून्य लिहिता येत न्हाई."

"एकच? मग लावा की!"

सगळे फोनकडे वळले. देवळीशेजारी तिवईवर तो बसला होता. अंगावर क्रोशाचा रुमाल, दसऱ्याचं हळदी-कुंकू अजून तसंच.

"पर लावायचा कोणाला?" नामाजींनी विचारलं. "आपली समदी माणसं तर इथंच बसलीत."

कुणाकडेच नंबर नव्हता. पाव्हणे होते, सोयरे होते, चाळीस गावांत नाती पसरली होती, पण नंबर एकाचाही नाही. मेंढरांमागच्या माणसांचा तर नसणारच. माणिकरावाच्या ऑफिसला लावू म्हटलं तर तो म्हणाला, तक्रारीचा नंबर फुकट असतो, तो मोजत नाहीत. शेवटी सत्यशीलाला वसमतच्या शेजारणीचा नंबर आठवला. तिने रुमाल काढला, बोटाने एकेक आकडा फिरवला आणि ऐकत राहिली.

"कोण हाय? लागला का?" अनुसयाबाई वाती टाकून पुढे सरकल्या होत्या. भांडण आणि फोन एकाच दुपारी म्हणजे झोपेचा प्रश्नच नव्हता.

"एक बाई बोलून राहिली. सेवा बंद हाय म्हणती. बिल न्हाई भरलं वाटतं मेलीनं."

"मग त्या बाईसंगंच बोल की दोन शब्द!" नामाजी म्हणाले. "सुखदुख इचार तिचं."

"ती मशीनची बाई हाय बाबा," माणिकराव म्हणाला. "तिला मोजत न्हाईत."

प्रभूने कागद वडिलांपुढे सरकवला. "झालं समाधान? आता द्या अंगठा. शाई वाळून चालली."

नामाजींनी अंगठा उचलला. आणि फोन वाजला.

सोमवार. दुपारचे बारा.

अंजलीला पाय उचलल्याचं नंतर आठवलं नाही. ती दाराआडून निघाली, सासऱ्याच्या पुढून गेली, थोरल्या दिराच्या पुढून गेली, पदर डोक्यावरून घसरला तोही सावरला नाही. आणि घंटा थांबायच्या आत तिने फोन उचलला.

"आगं आगं आगं!" अनुसयाबाई ओरडल्या.

"कोण गेलं?" पलीकडून शिवहारचा आवाज आला. पाच महिन्यांनी ऐकलेला पहिला आवाज आणि तो असा. "आबा का माय? लवकर सांग."

"कोणी न्हाई गेलं."

"मग उचलला काहून?"

"समदे हायत. माझ्यापुढंच बसलेत. तुमी उगी नदीवर जाऊन डोकं भादरू नका. त्या बूथचा नंबर सांगा आधी."

"नंबर? कशाला?"

"सांगा म्हणते ना!"

सहा वर्षांत ती नवऱ्याशी अशी बोलली नव्हती. ओसरीवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं. शिवहारने मुकाट्याने भिंतीवर लिहिलेला नंबर वाचायला घेतला. अंजली एकेक आकडा मोठ्याने म्हणत गेली. सत्यशीलाने माणिकरावाच्या कानामागची पेन्सिल ओढली, प्रभूपुढचा कागद ओढला, आणि हरकत नसल्याच्या त्या कागदाच्या पाठीवर सगळे आकडे ठळक लिहून घेतले.

"तिथंच थांबा. हलू नका," अंजली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग ती वळली. "मामंजी," ती म्हणाली, "मला एक फोन लावायचाय."

नामाजींनी तिच्याकडे पाहिलं, प्रभूकडे पाहिलं, आपल्या निळ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"लाव," ते म्हणाले.

"आबा, हे बरं न्हाई," प्रभू म्हणाला. "उद्या पुन्हा शून्य झालं तर?"

"उद्याचं उद्या. माणिकराव, लागला म्हंजे धरता ना तुमी?"

"उचलला गेला का धरलाच."

अंजलीने नंबर फिरवला. आत काहीतरी कुरकुरलं, मग घंटा वाजू लागली. आज पहिल्यांदा ती या टोकाला होती. तिकडे कुणीतरी खेकसून विचारलं, "कोण पाहिजे?"

अंजलीने बाजेवरच्या सासऱ्याकडे पाहिलं.

"आवो बाई, कोण पाहिजे? नाव सांगा."

नाव! नवऱ्याचं नाव, आणि तेही सासऱ्यासमोर? "ते," ती म्हणाली. "आत्ता बोलले ते."

"आज बाजार हाय. आत्ता पन्नास जण बोलले."

"पटकेवाले."

"समदेच पटकेवाले हायत इथं! नाव सांगा न्हाईतर ठेवतो."

नामाजी बाजेवरून उठले. "चला," ते म्हणाले. "समदे भाईर. उठ गं अनुसया. माणिकराव, तुमी बी."

"भाईर ऊन हाय आबा," प्रभू म्हणाला.

"असू दे ऊन. मेंढरामागं गेला असतास तर सवय झाली असती."

आणि ते सगळे बाहेर गेले. अनुसयाबाई वातींचं ताट घेऊन, माणिकराव फॉर्म घेऊन, प्रभू शाईची डबी घेऊन. सत्यशीलाने जाता जाता अंगणाचं दार ओढून घेतलं. ओसरीवर एकटी अंजली उरली. लग्नात उखाणा घेतला होता, तेवढंच काय ते नाव तिने घेतलं होतं, आणि तेही बायांनी दार अडवलं म्हणून.

"शिवहारला द्या," ती म्हणाली.

फोन या हातातून त्या हातात गेला. मागे बाजाराचा कालवा ऐकू येत होता.

"बोल," शिवहार म्हणाला. आवाज अजून भेदरलेला होता. "खरं काय ते सांग. माय आजारी हाय का?"

"मला पाचवा सरत आला."

"पाचवा काय?"

"म्हैना."

तिकडचा बूथवाला म्हणाला, अरे बोल लवकर, मागं लोक उभे हायत.

"कोणाकोणाला ठाऊक हाय?" शिवहारने शेवटी विचारलं.

"समद्यांना."

"अन् मला?"

"तुमाला आत्ता."

रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. बाहेर सगळे उभे होते, दाराला फटी होत्या, आणि सासू कान देऊन ऐकत असणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पण रडू आलंच. "दर सोमवारी वाजायचा," ती म्हणाली, "अन् मी नुसती पुढ्यात बसायची. खुशाल हाय म्हणून समद्यांना सांगत फिरायची. तुमी खुशाल. मुंजाजी खुशाल. समदे बाप्ये खुशाल. मी कशी हाय, ते एका सोमवारी बी इचारलं न्हाई तुमी."

"कसं इचारणार होतो? तसं वाजवायचं आबांनी शिकवलंच न्हाई."

यावर ती रडता रडता हसली. तोही हसला असावा. मग त्याने घसा साफ केला. बूथवाल्याला म्हणाला, "थांब रे जरा, इकडचे पैसे न्हाई लागत, सरकारी फोन हाय." आणि मग, बाजारातल्या त्या सगळ्या पटकेवाल्यांसमोर, मोठ्याने विचारलं.

"अंजली, कशी हाईस?"

अंजली भिंतीला टेकून खाली बसली, पाय लांब केले, आणि दिवाळीपासून सांगायला लागली.